फोटोपुरती गोधडी

उस्मानपुऱ्यातल्या बद्रीनाथराव शेळक्यांच्या घरी एक मोठं लोखंडी कपाट होतं आणि ते शालींनी भरलेलं होतं. नवरा-बायकोचे कपडे, लेकीच्या लग्नातला शालू, घराचे कागद, हे सगळं पलंगाखालच्या पेट्यांमध्ये अंग चोरून राहायचं. कपाटावर हक्क फक्त शालींचा. प्रत्येक शाल तिच्या मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीत डांबराची गोळी, आणि घरात पाहुणा आला की चहाच्या आधी कपाटाचं दर्शन.

बद्रीनाथराव मुख्याध्यापक होते तेव्हा शाळेचा शिपाईसुद्धा त्यांना फारसं विचारत नव्हता. निवृत्त झाले आणि भाव वधारला. शहरात कार्यक्रम उदंड आणि अध्यक्ष थोडे. रांगोळी स्पर्धा असो, रक्तदान असो, कुणाचा पुतण्या पोलीस भरतीत लागलेला असो, व्यासपीठावर एक भारदस्त माणूस लागतोच. बद्रीनाथरावांकडे पांढरे केस होते, जाकीट होतं आणि वेळ तर उतू चालला होता. एवढ्या भांडवलावर माणूस वर्षभर सत्कार घेत फिरू शकतो, आणि ते फिरत होते.

गीताबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, त्या शालींबद्दलचं मत सगळ्या गल्लीला पाठ होतं. "पांघरली तर टोचते, धुतली तर पोतेरं होते, आणि द्यावी म्हटलं तर घेणाराच्या घरी आधीच गठ्ठा पडलेला असतो." यात खोटं काही नव्हतं. सत्काराची शाल ही जातच निराळी. ती कारखान्यातून निघते तीच मुळी कुणी पांघरू नये अशा बेतानं. खांद्यावर पडल्यापासून फोटो निघेपर्यंत, एवढंच तिचं आयुष्य. पुढं ती कपाटात जाते किंवा गुपचूप दुसऱ्याच्या सत्काराला लागते. देणाराला ते माहीत असतं, घेणारालाही माहीत असतं, आणि तरी दोघंही असे गहिवरतात की बघणाराला वाटावं, आत्ता रडतील.

गंमत अशी की, झोपताना बद्रीनाथरावांना शाल चालत नसे. त्यांना लागायची गोधडी, आणि तीही एकच. गीताबाईंनी आपल्या आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. लेकीकडे पुण्याला गेले तरी ती पिशवीत घालून न्यावी लागे, नाहीतर रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर. ही गोष्ट त्यांनी कुठल्याही भाषणात सांगितली नव्हती.

डिसेंबर लागला आणि थंडीनं जोर धरला. एके दिवशी गीताबाईंना माहेरहून, सिल्लोडकडच्या गावाहून, फोन आला की सरूबाईची सून शहरातल्या सरकारी दवाखान्यात आहे, दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली, तेवढं बघून ये. सरूबाई त्यांची लहानपणची शेजारीण. दोघींनी मिळून एका विहिरीत पोहायला शिकायचं ठरवलं होतं आणि दोघींनी मिळून मार खाल्ला होता. गीताबाईंनी डब्यात पिठलं-भाकरी भरली, घरातलं एक ब्लँकेट काखेत मारलं आणि रिक्षा केली.

सरूबाई दवाखान्याच्या आवारात, भिंतीच्या कडेला सापडली. तिथं तशा पुष्कळच होत्या. आत वॉर्डात रुग्णापाशी एकीलाच थांबता येतं, आणि सुनेजवळ तिची आई होती. बाकीच्यांनी बाहेर पोत्यावर पडायचं. सरूबाईनं पोतं अंथरलं होतं आणि अंगावर घेतला होता एक फ्लेक्स, कुठल्याशा नेत्याच्या वाढदिवसाचा. मधोमध नेता हात जोडून उभा, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. गीताबाईंनी खाली वाकून बघितलं तर एका गोलात बद्रीनाथराव होते. ते सरूबाईच्या घोट्यापाशी हसत होते.

"हे कुठं सापडलं गं तुला?" गीताबाईंनी विचारलं.

"गेटापाशी पडलं व्हतं. वारं अडतं तेवढंच," सरूबाई म्हणाली. "पर ऊब नाय त्याच्यात. उलट पहाटं घाम सुटल्यावानी आतून वलं व्हतं."

मग तिनं खरी अडचण सांगितली. नातू काचेच्या पेटीत होता, मूठभर जीव. सून अशक्त, तिला ताप. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, पेटीतून काढला की त्याला कुणीतरी उघड्या उराशी धरून बसायचं, माणसाच्या उबेनंच तो वाढायचा. आईला जमत नसलं तर आजीनं धरलं तरी चालेल. सुनेच्या आईच्या अंगावर नायटे, म्हणून ती बाद, राहिली सरूबाई. पण आजी धडधाकट पाहिजे. सर्दी-खोकला झाला तर आत पाऊल टाकायचं नाही.

"म्हंजी मला आजारी पडाया परवानगी नाय," सरूबाई हसून म्हणाली. "अन् हितं तर समदी बाजू गार."

गीताबाईंनी ब्लँकेट तिच्या अंगावर टाकलं आणि उद्या येते म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गेल्या तर सरूबाई पुन्हा फ्लेक्सखाली. ब्लँकेट पहाटे कुणीतरी उचललं होतं.

"त्यांचा बी दोष नाय आक्का," सरूबाई म्हणाली. "पलीकडं एक म्हातारी हाय, तिच्या अंगावर नुसतं धोतर. एकीलाच मिळालं की ते ऱ्हात नाय. समद्यांना असलं तर कुणी कुणाचं उचलीत नाय."

रिक्षात बसल्याबसल्या गीताबाईंच्या डोक्यात कपाट उभं राहिलं. आत टोचऱ्या शालींचा भर, वरखाली जुन्या सुती साड्या, आणि घसाघस टाके. गोधडी काय वाईट होईल? शालींच्या जन्माचं तरी सार्थक होईल. एरवी त्यांनी नवऱ्याला न विचारता कपाट उघडलंही असतं. पण किल्ली बद्रीनाथरावांच्या करगोट्याला. देवाच्या खालोखाल त्यांची निष्ठा या किल्लीवर होती.

बद्रीनाथरावांनी ऐकलं आणि असा चेहरा केला की जणू कुणी त्यांच्या वडिलांचा फोटो मागितला आहे. "अगं, ही समाजाच्या प्रेमाची ऊब आहे."

"मग समाजालाच द्या की. तो बाहेर पोत्यावर झोपलाय."

बद्रीनाथराव विचार करतो म्हणाले. विचार करायला ते सुदर्शनरावांकडे गेले, आणि तिथंच सगळं बिघडलं.

सुदर्शनराव बनकर हे त्यांच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे सचिव. रोज सकाळी बागेत दहा-बारा म्हातारे हात वर करून खोटं खोटं हसतात, ते मंडळ. सुदर्शनरावांचं वैशिष्ट्य असं की, त्यांना साधी गोष्ट साधी राहिलेली बघवत नसे. कुणी म्हटलं, नळ गळतोय, की ते जलबचत सप्ताह जाहीर करत. शालींच्या गोधड्या हे ऐकल्यावर त्यांचे डोळे असे चमकले की बद्रीनाथरावांनाही आपल्या बायकोचा एकदम अभिमान वाटला. संध्याकाळच्या आत मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर संदेश फिरला, ‘शालदान महाअभियान’, वर हात जोडलेले आणि खाली बद्रीनाथरावांचा फोटो. कल्पना कुणाची, तर माननीय बद्रीनाथराव शेळके सरांची.

गीताबाईंनी तो वाचला आणि चष्मा काढून ठेवला. गोधड्या होत असतील तर कल्पना कुणाच्या का बापाची असेना, असं त्यांनी मनाला समजावलं. ही त्यांची पहिली चूक.

दान येऊ लागलं. दान म्हणजे काय येतं ते एकदा बघावं माणसानं, देणाऱ्याबद्दलचे सगळे गैरसमज दूर होतात. शाली आल्या, पण त्यांच्याबरोबर कड्यांसकट पडदे आले. निवडणुकीतली उपरणी आली, सगळ्या पक्षांची, कारण एकाच घरातून ती आली होती. चेन तुटलेल्या पँटी आल्या. चार घरं ओटीत फिरून विटलेले ब्लाउजपीस आले. एका निवृत्त अधिकाऱ्यानं मोठ्या मनानं तीन टाय पाठवले आणि पोचल्याचा फोटो मागितला. स्वतः बद्रीनाथरावांनी दोन दिवस कपाटापुढं बसून शाली निवडल्या. आमदाराच्या हातची ठेवली, कुलगुरूंच्या हातची ठेवली, हिमरू विणीच्या उंची शालीचं तर नाव काढायचं नाही. ज्यांच्या हातून घेतल्या ती माणसं पुढं निवडणुकीत पडली किंवा वारली, त्यांच्या शाली तेवढ्या दानात गेल्या.

मंडळातल्या चार-सहा बायका दुपारच्या गीताबाईंच्या घरी जमल्या. पडदे कुणी फाडले, साड्या कुणी जोडल्या, शाली मधे घातल्या, आणि सुया चालू लागल्या. त्यातल्या दोघींना टाका धड येत नव्हता, पण हात थांबत नव्हते. बोटं सुजली, चहा झाला, सगळ्यांच्या सुनांचा उद्धार झाला, आणि गोधड्यांची चळत छातीइतकी झाली. त्यातली एक गीताबाईंनी सरूबाईसाठी म्हणून वेगळी केली होती, हिरव्या काठाची. तिला दुप्पट टाके घातले होते.

"ही मी आजच नेऊन देते," त्या म्हणाल्या.

बद्रीनाथराव आणि सुदर्शनराव दोघंही समोर होते. दोघांनी एकदम मान हलवली.

"वहिनी, असं कसं?" सुदर्शनराव म्हणाले. "वितरण सोहळा आहे ना. आधीच वाटलं तर त्या दिवशी वाटायचं काय?"

"तिथं माणसं गारठलीत."

"चारच दिवसांचा प्रश्न आहे."

चार दिवस. गीताबाईंनी हिरव्या काठाची गोधडी परत चळतीशेजारी ठेवली. ही त्यांची दुसरी चूक. चार दिवसांनी कळलं की प्रमुख पाहुण्यांना एका लग्नाला जायचं आहे. मग रविवार ठरला. रविवारी पाहुण्यांना मुंबईला जावं लागलं. मग पुढचा रविवार. तोवर गोधड्या बैठकीच्या खोलीत पडून, आणि येणारा जाणारा मंडळाचा माणूस वरच्या गोधडीवर हात फिरवून म्हणायचा, वा, काय ऊब आहे. गीताबाई मधल्या काळात दोनदा डबा घेऊन जाऊन आल्या. दुसऱ्या वेळी सरूबाई बोलता बोलता थांबली, पदर तोंडावर धरला आणि दोनदा खोकली.

"काय नाय, धूळ गेली," ती म्हणाली. आणि वॉर्डाच्या दाराकडं अशी बघू लागली, जसं दारानं ते ऐकलं असावं.

सोहळ्याचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल, व्यासपीठावर फुगे, आणि फुग्यांच्या मधोमध गोधड्यांची चळत, तिला झेंडूची माळ. समोर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर कागद चिकटवलेला होता, ‘लाभार्थी’. सुदर्शनरावांनी दवाखान्यातून एका टेम्पोत घालून वीसेक माणसं आणली होती आणि त्यांच्या छातीवर एकेक रिबिनीचं फूल टोचलं होतं. सरूबाईनं लुगडं नीट नेसलं होतं. तिला चार वाजता वॉर्डात परत जायचं होतं, कारण आज नातवाला पहिल्यांदा पेटीतून काढणार होते. कार्यक्रम दोनला होता. पाहुणे साडेतीनला आले.

आल्याआल्या गोधड्या वाटतील असं गीताबाईंना वाटलं होतं. इतकी वर्षं बद्रीनाथरावांशी संसार करूनही त्या एवढ्या भोळ्या राहिल्या, याचं नवलच. आधी पाहुण्यांचा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ. मग अध्यक्ष बद्रीनाथरावांचा, शाल आणि श्रीफळ. आणि मग ज्यांनी ज्यांनी शाली दान केल्या होत्या, त्या प्रत्येकाचा सत्कार. कशानं, तर शालीनं. औरंगपुऱ्याच्या बाजारातून नव्या शालींचे गठ्ठे आणले होते. गोधड्यांत जेवढ्या गेल्या त्याहून जास्त शाली त्या दिवशी मंडळाच्या घरी आल्या असत्या. टायवाल्या अधिकाऱ्यालाही मिळाली.

पण दाते जास्त निघाले. पडदेवाले, उपरणेवाले, सगळे मान घ्यायला हजर. शाली पुरेनात. तेव्हा सुदर्शनरावांनी आपल्या बायकोला, संध्याताईंना, व्यासपीठाच्या मागच्या कडेला उभं केलं आणि आपल्या माणसांच्या कानात सांगितलं, फोटो झाला की शाल मागं संध्याकडे द्या, पुढच्याला होईल. मग ते चक्र जे लागलं ते बघण्यासारखं होतं. नाव पुकारलं की माणूस वर जायचा, शाल पडायची, हात जोडून फोटो, दोन पावलं बाजूला, शाल उतरवायची, घडी, संध्याताईंच्या हातात. संध्याताई ती पुढं द्यायच्या, आणि दुसऱ्या नावाला तीच शाल. एकदा तर शाल अंगावर पडायच्या आतच एकानं घडी घालायला घेतली.

पहिल्या रांगेतली माणसं हे सगळं डोळे फाडून बघत होती. अशा जागी ती कधी आलीच नव्हती. कसं चढायचं, कुठं हात जोडायचे, कुठून उतरायचं, जे दिसेल ते शिकत होती.

शेवटी लाभार्थ्यांची पाळी आली. पहिलंच नाव सरूबाईचं. ती दबकत वर गेली. चळतीशेजारची हिरव्या काठाची गोधडी सुदर्शनरावांनी उचलली, पाहुण्यांनी आणि बद्रीनाथरावांनी दोन बाजूंनी धरली आणि सरूबाईच्या खांद्यांवर टाकली. फोटो निघाला. गोधडीत गुरफटलेली सरूबाई क्षणभर अशी उभी राहिली की गीताबाईंना हॉलमधल्या सगळ्यांचे अपराध माफ करावेसे वाटले.

मग सरूबाई दोन पावलं बाजूला झाली. तिनं गोधडी खांद्यावरून उतरवली, टोकाला टोक जुळवून व्यवस्थित घडी घातली, आणि संध्याताईंच्या हातात दिली. पदर सावरला, पाहुण्यांना नमस्कार केला आणि उतरली.

संध्याताईंचा हात तासभर घ्यायची-द्यायची सवय लागलेला. त्यांनी ती घेतली आणि पुढं दिली. दुसऱ्या नावाच्या म्हातारीला तीच हिरव्या काठाची गोधडी पडली. तिनं सरूबाईला बघितलं होतंच. तिनंही फोटो झाल्यावर काढून दिली. मग तिसरा, मग चौथी. पहिल्या रांगेतला एकेक माणूस रांगेनं वर गेला, फोटोपुरता पांघरला गेला, आणि घडी घालून खाली आला. चळत होती तेवढीच राहिली, वरची माळसुद्धा हलली नाही.

पहिल्यांदा गीताबाईंना वाटलं, माणसं खाली उतरल्यावर संध्या त्यांना गोधड्या देत असेल. तिसऱ्या माणसाच्या अंगावर हिरवा काठ बघितला तेव्हा त्या उठल्या आणि पायऱ्यांशी गेल्या. सुदर्शनरावांनी हात आडवा केला. "वहिनी, सरांचं भाषण आहे. नंतर."

आणि खरंच बद्रीनाथराव माइकवर आले होते. झालेला घोळ त्यांच्या ध्यानात आला होता की नाही, देव जाणे. पण त्यांच्यासारख्या माणसाला घोळ वाया घालवता येत नाही. "ज्यांना आपण गरजू म्हणतो," ते कापऱ्या आवाजात म्हणाले, "त्या माणसांनी आज आपल्याला काय शिकवलं? मिळालेली वस्तू त्यांनी हसत हसत परत केली. केवढी ही निःस्पृहता. केवढं हे समाधान. मित्रहो, खरे दाते तर हे आहेत." पाहुण्यांनी डोळे पुसले. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या लोकांनीही सगळे वाजवतात म्हणून वाजवल्या.

टाळ्यांच्या गदारोळात टेम्पोवाला आला आणि लाभार्थ्यांना घेऊन गेला, कारण साडेपाच वाजून गेले होते. गीताबाई व्यासपीठावर पोचल्या तेव्हा गोधड्या सुदर्शनरावांच्या गाडीत चढत होत्या.

"दवाखान्यात नेताय ना?"

"छे, आता कशाला?" सुदर्शनराव खुशीत होते. "एकही संपली नाही वहिनी. पुढच्या रविवारी छावणी भागात याच गोधड्यांवर दुसरा कार्यक्रम करू. पाहुणे तयार आहेत."

गीताबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. बद्रीनाथरावांच्या खांद्यावर नवी कोरी शाल होती. अध्यक्षांकडून कुणी ती परत मागितली नव्हती.

"अहो, त्या बायांना वाटलं, द्यावी लागते."

"असू दे गं. भाषण कसं झालं?"

गीताबाई घरी आल्या. त्यांनी पलंगावरची बद्रीनाथरावांची गोधडी उचलली. आपली उचलली. लेक-जावई आले की काढायच्या त्या पेटीतल्या उचलल्या. एका जुन्या चादरीत गाठोडं बांधलं आणि रिक्षात घातलं.

दवाखान्याच्या आवारात दिवे लागले होते. सरूबाई भिंतीला टेकून बसली होती, गुडघ्यांवर फ्लेक्स. छातीवरचं रिबिनीचं फूल तिनं काढून फ्लेक्सच्या भोकात नीट खोवून ठेवलं होतं.

"नातवाला धरलंस का?" गीताबाईंनी विचारलं.

सरूबाईनं मान हलवली. "उशीर झाला. अन् दारातच खोकला आला. सिस्टरनं बघितलं. म्हणली, मावशी, बरं वाटल्यावर या." तिनं फ्लेक्स गुडघ्यांवर वर ओढला. "पेटीतनं काढला व्हता म्हणं. धराया कुणी नव्हतं, मंग परत ठिवला."

गीताबाईंना संताप आला. सगळ्यांचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःचा आला. गोधडी बैठकीच्या खोलीत पडून होती, आणि त्या स्वतः पडदेवाल्यांना चहा करत बसल्या होत्या.

"आणि ती गोधडी तू परत का दिलीस गं सरू?"

"द्यायची नसती का?" सरूबाई घाबरली. "समद्यांनी काढून दिली की आक्का. एवढी मोठाली माणसं, त्यांनी बी दिली. म्या म्हणलं, फोटू झाला की काढून ठिवायची असती. न्हाई दिली तर म्हणतील, गावची बाई, रीत कळंना, अंगावर घेऊन चालली. तुझं नाव गेलं असतं."

गीताबाईंनी गाठोडं सोडलं. आईच्या लुगड्यांची गोधडी त्यांनी सरूबाईच्या अंगावर टाकली, खांद्यांवरून पुढं घेतली आणि हनुवटीखाली दोन्ही टोकं तिच्या मुठीत दिली. "ही काढायची नाही. कुणी मागितली तरी नाही. इथं फोटो नाही." बाकीच्या गोधड्या त्यांनी धोतरवाल्या म्हातारीला आणि शेजारच्या बायांना वाटल्या. सगळ्यांना पुरल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या नाहीत त्या सरूबाईच्या गोधडीकडं बघत होत्या, आणि ते बघणं गीताबाईंना कळत होतं.

घरी आल्या तर बद्रीनाथराव जेवून पलंगाशी उभे होते. "माझी गोधडी कुठाय?"

"दान केली."

"अगं, मी काय घेऊ मग?"

"कपाटात आहे की समाजाची ऊब. द्या किल्ली, मीच काढते."

गारठा चांगलाच होता, त्यामुळं बद्रीनाथरावांनी करगोट्याची किल्ली सोडून दिली. गीताबाईंनी आमदाराच्या हातची काढली, कुलगुरूंच्या हातची काढली, आजची नवी कोरी काढली आणि एकावर एक त्यांच्या अंगावर घातल्या. बद्रीनाथराव कुशीवर वळले की शाली तडतडायच्या आणि एकेक करून घसरायच्या. मानेला खाज सुटली, पाय उघडे पडले. थोड्या वेळानं ते उठून बसले आणि त्यांनी सुदर्शनरावांना फोन लावला. गीताबाई दारात उभं राहून ऐकत होत्या.

"सुदर्शनराव, त्या गोधड्यांचं मी काय म्हणत होतो, त्यातली एखादी जर..." पलीकडून बराच वेळ बोलणं झालं. बद्रीनाथरावांचा चेहरा हळूहळू उजळला. "अस्सं? मीच? नाही, नाही, तुम्ही म्हणता म्हणून. हो, रविवारी छावणीत. येतो." फोन ठेवून ते बायकोकडे वळले. "अध्यक्षपद माझ्याकडेच आहे," ते म्हणाले आणि शाली ओढून आडवे झाले.

गीताबाई पलंगापाशी गेल्या. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरची वरची शाल उचलली, टोकाला टोक जुळवून घडी घातली. मग दुसरी. मग तिसरी.

"अगं, हे काय करतेस?"

"फोटो झाला की काढून ठेवायची असते," गीताबाई म्हणाल्या. "आज तुमच्याच व्यासपीठावर शिकवलंत."

शाली कपाटात ठेवून त्यांनी कुलूप लावलं. ते कुशीवर वळत होते तेवढ्यात पलंगाखालच्या पेट्यांमधले स्वेटर आणि चादरी त्यांनी तिथं हलवल्या होत्या. किल्ली त्यांनी कमरेला खोचली.

"सुदर्शनभाऊंना सांगा, गाडी काढा. गोधड्या दवाखान्याच्या आवारात पोचल्या, सगळ्यांच्या अंगावर पडल्या, की हे कपाट उघडेल. मी बरोबर येते. माइक आणायचा नाही."

बद्रीनाथराव पाय पोटाशी घेऊन बराच वेळ उघड्या गादीवर बसले. खिडकीच्या फटीतून वारं येत होतं. मग त्यांनी पुन्हा फोन उचलला.